हिंदुरावांच्या कवळीने खाल्लेला पिझ्झा

मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. मी एक कवळी आहे, आठ वर्षे जुनी. ज्यांचे सगळे दात पडले आहेत, त्यांच्या तोंडात बसवायचे खोटे दात म्हणजे मी. खोटी असले तरी इथे सांगते ते सगळे खरे आहे.

माझा जन्म पुण्यात, बिबवेवाडीतल्या एका लहानशा खोलीत झाला. तिथे शकीलभाई दात घडवतात. लोहगावच्या हिंदुरावांच्या हिरड्यांचे माप त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आधी एक जुना फोटो मागवून घेतला. त्यात तरुण हिंदुरावांचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. शकीलभाईंनी माझाही तो दात तसाच तिरका बसवला. "आरशात माणसाला स्वतःची ओळख पटली पाहिजे," असे ते म्हणाले आणि मला फुंकर मारून डबीत ठेवले.

दातांच्या डॉक्टर तनुजाबाईंनी मला हिंदुरावांच्या तोंडात बसवले. हिंदुरावांनी आरशात पाहिले आणि ते ओरडलेच, "आरं, ह्यो तर मीच की!"

त्यानंतरची सहा वर्षे मी भरपूर काम केले. बाजरीची भाकरी चावली, भाजलेल्या शेंगा चावल्या, हुरडा खाल्ला. हिंदुरावांची शेती संपून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांची खाण्याची हौस शेतकऱ्याचीच राहिली होती. पारावर चारचौघांत ते खडखडीत बोलत. लोक म्हणत, "हिंदुराव, दात नवे घातल्यापासून दहा वर्षांनी तरुण झालात!" हे ऐकून मला किती बरे वाटे म्हणून सांगू!

पण मित्रांनो, दात पडले की हिरड्या हळूहळू झिजतात. मी होते तेवढीच राहिले आणि माझी जागा मात्र बदलली. मी सैल झाले. हिंदुरावांना ते कळत होते, पण डॉक्टरांकडे जायचे ते टाळत राहिले. मग एका लग्नाच्या पंगतीत, लाडूचा घास चावता चावता त्यांना कशाचे तरी हसू आले आणि मी सटकून थेट आमटीच्या वाटीत पडले.

सगळी पंगत हसली. हिंदुरावांनी मला उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि हात न धुताच ते घरी आले. त्या दिवसापासून मी एका डबीत, डबी कपाटाच्या वरच्या फळीवर. पाण्याचा थेंब नाही. दोन वर्षे मी तिथे कोरडी पडून होते. हिंदुराव दूधभात खात, तोंडावर हात धरून बोलत. कुणी जेवायला बोलावले की म्हणत, "पोट बरं न्हाई."

त्यांची नात अपेक्षा. तिने हॉटेलचे शिक्षण घेतले आणि कल्याणीनगरमधल्या एका नव्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये ती कामाला लागली. भावकीतले लोक बोलत, "एवढं शिकून पोरगी भट्टीपुढंच बसली!" ती ते हसण्यावारी नेई. वर्षभराने तिच्याकडे लाकडाच्या भट्टीची पूर्ण जबाबदारी आली. त्या दिवशी ती घरी आली ती नाचतच.

"आबा, आजी, शनिवारी दुपारी तुम्ही दोघं माझ्याकडे जेवायला यायचंच. टेबल बुक केलंय."

"आजीला घेऊन जा," हिंदुराव तोंडावर हात धरून म्हणाले. "माझं पोट बरं न्हाई."

"आबा, वर्षभर तुमचं पोट बरं नाहीये. मी केलेलं काहीच तुम्ही अजून खाल्लं नाही." अपेक्षा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं सांगा ना. माझ्या कामाची तुम्हाला लाज वाटते."

ती खोलीतून निघून गेली. डबीत पडल्या पडल्या माझा जीव तळमळत होता. खरे कारण मला ठाऊक होते, पण तोंडाबाहेरच्या कवळीला कुठली वाचा?

थोड्या वेळाने डबी हलली. झाकण उघडले. हिंदुरावांनी मला तळहातावर घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग ते बसने एकटेच तनुजाबाईंकडे गेले.

तनुजाबाईंनी माझ्यावरची धूळ पाहिली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "कवळी दागिना नसते हो, कपाटात जपून ठेवायला."

"शनिवारपर्यंत बसवून द्या, बाई," हिंदुराव म्हणाले. "नातीकडं जेवायला जायचंय."

नवी कवळी करायला पंधरा दिवस लागले असते. म्हणून मी पुन्हा शकीलभाईंकडे गेले. त्यांनी मला घासून स्वच्छ केले आणि आतून नवे अस्तर लावले. शुक्रवारी मी हिंदुरावांच्या तोंडात घट्ट बसले. तनुजाबाईंनी बजावले, "पुढच्या दातांनी ओढून तोडायचं नाही. घास दाढेखाली धरायचा, दोन्ही बाजूंनी सारखा चावायचा."

शनिवार उजाडला. हिंदुरावांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. बायडाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठेवणीतली जांभळी साडी नेसल्या. त्या रेस्टॉरंटचे दार काचेचे होते, दिवे छतापासून लोंबत होते आणि आजूबाजूची तरुण मंडळी मोबाइलवर ताटांचे फोटो काढत होती. इतक्या वर्षांच्या संसारात हे दोघे असे समोरासमोर बसून बाहेर कधी जेवलेच नव्हते. बायडाबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या.

समोरच उघडी भट्टी होती आणि तिच्यापुढे पांढरी टोपी घातलेली अपेक्षा. आबांना पाहताच तिच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला.

आधी टोमॅटोचे सूप आले. ते सोपे होते. मग लाकडी पाटावर पिझ्झा आला. वर वितळलेले चीज, तुळशीसारखी दिसणारी पाने आणि सभोवती फुगलेली, ठिकठिकाणी करपून काळे ठिपके पडलेली जाड कड.

"हातानं खाल्लं तर चालंल का?" हिंदुरावांनी वेटरला विचारले.

"हातानंच खातात, काका."

पहिला तुकडा मऊ होता, सहज गेला. पण कड आली तशी हिंदुरावांनी ती ताटात ठेवून दिली. दुसऱ्या तुकड्याचीही ठेवली. भट्टीजवळून अपेक्षा पाहत होती. कड उरली म्हणजे भाजणी चुकली, असे तिथले लोक मानतात. तिचा चेहरा उतरला.

हिंदुरावांनी तो चेहरा पाहिला. त्यांनी कड उचलली. मित्रांनो, मी जीव मुठीत धरला! शेजारचे टेबल माणसांनी भरलेले. मी पुन्हा पडले असते, तर हिंदुरावांनी मला आयुष्यात तोंडात घातले नसते. त्यांनी कड दाढेखाली धरली आणि डोळे मिटून चावली.

कुर्रर!

मी तसूभरही हलले नाही. पुन्हा कुर्रर! आत मऊ, बाहेर खुसखुशीत, करपल्या ठिपक्याला धुराचा वास. दोन्ही कडा फस्त करून त्यांनी तिसरा तुकडा घेतला. अपेक्षा भट्टी सोडून धावतच आली. तिच्या नाकाला पीठ लागले होते.

"लाकूड कुठलं गं?" हिंदुरावांनी विचारले.

"आंब्याचं, आबा."

"तरीच. भाजणी झकास जमलीय." मग त्यांनी सवयीने तोंडावर धरलेला हात बाजूला केला आणि माझे सगळे दात दाखवत म्हणाले, "लाज तुझी न्हवती, पोरी. माझ्या तोंडाची हुती."

अपेक्षाने त्यांना मिठीच मारली. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हते, तरीही वाजवल्या!

माझा विजय इथेच पुरा झाला, असे मला वाटले. पण हिंदुरावांचे लक्ष समोरच्या ताटाकडे गेले. बायडाबाई कडेचे बारीक तुकडे करून सुपात बुडवत होत्या आणि नुसतेच चोखत होत्या.

"अगं, चावत का न्हाईस?"

"दाढा कुठं हायत मला?"

"कवापासनं?"

"झाली की तीन वरसं. घरात मी सगळ्यांच्या मागनं जेवती. कोण बघतंय?"

हिंदुरावांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. त्याच घरात कपाटात बसून मी दोन वर्षे स्वतःचेच दुःख उगाळत होते, आणि मलाही हे कधी कळले नव्हते.

"अपे," हिंदुराव म्हणाले, "सोमवारी रजा काढ. आजीला तनुजाबाईंकडं न्यायचंय. मी बी येतो."

आता आमच्या घरी रात्री माझ्या वाटीशेजारी आणखी एक पाण्याची वाटी असते. तिच्यात बायडाबाईंच्या नव्या दाढा असतात. मी त्यांच्याकडून ताई म्हणवून घेते. दुपारी पाने मांडली की बायडाबाई आता सगळ्यांबरोबर बसतात आणि मटकीची उसळ वाढून घेताना म्हणतात, "जरा जास्त घाला."

मित्रांनो, घरात कवळी असेल तर ती रोज घासा, पाण्यात ठेवा आणि सैल झाली तर वेळेवर दाखवा. तिला हसू नका. तिच्यामागे एक माणूस असतो. आणि आज जेवताना एवढे पाहा, की तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवते. आज त्यांच्यासाठी थांबा, त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा घास नीट चावला जातो का, ते विचारा.