साच्यातून काढलेली ओळ

धाकटीच्या नडगीवरचा काळानिळा डाग मावशीने सकाळी पाहिला आणि तिथूनच तिचं डोकं फिरायला लागलं.

मावशी ही धाकटीची थोरली बहीण. धाकटीच्या मुलाची सख्खी मावशी, म्हणून कारखान्यातही सगळ्यांची मावशीच झालेली. भाच्याला तिथे चिकटवलं तिनेच, आणि आता तोच तिचा साहेब होऊन काचेच्या केबिनमध्ये बसत होता. कारखान्यात विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्या व्हायच्या. सीटखाली एक बोर्ड, बोर्डात सॉफ्टवेअर आणि उजव्या हाताशी एक दांडी. दांडी ढकलाल तिकडे खुर्ची जाणार, सोडाल तिथे थांबणार. धाकटीचे पाय गेले तेव्हापासून ती अशाच खुर्चीच्या आधाराने घरात हिंडत होती, आणि नव्या मॉडेलची पहिली खुर्ची भाच्याने मोठ्या कौतुकाने आईलाच आणून दिली होती.

डागाचं विचारलं तर धाकटी आधी उडवाउडवी करत राहिली. मग हळूच म्हणाली, स्वयंपाकघरात कपाटावर आपटले. तिने दांडी सोडली होती, पण खुर्ची आपली चालतच राहिली. लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, तूच भलतीकडे दाबली असशील, तुझा हात थरथरतो. सुनेनेही त्याचीच री ओढली.

"खरंच असेल गं," धाकटी म्हणाली. "दांडी जरा सैल लागत होती, पण मी नीट धरायला नको का? मला मेलीला काय कळतंय त्या यंत्रातलं."

मावशी खाली वाकली. हाताच्या दांडीची वायर खोबणीतून अर्धी बाहेर आली होती. तिने बॅटरीची पिन उपटली, बहिणीला उचलून कॉटवर बसवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि खुर्चीला हात लावायचा नाही एवढं सांगून निघाली. जास्त बोलली असती तर भाच्याच्या वाटणीच्या शिव्या त्याच्या आईने खाल्ल्या असत्या.

वायर निघते. माणसं वापरतात त्या वस्तूची वायर आज ना उद्या निघणारच, त्याचं मावशीला काही वाटलं नव्हतं. पण वायर निघाली की खुर्चीने जागच्या जागी थांबायचं, ही त्या सॉफ्टवेअरची पहिली अट. थांबली नाही याचा अर्थ एकच होता, आणि तो नको असतानाही तिला कळला होता.

पूर्वी कारखान्यात नवं प्रोजेक्ट सुरू करायचं म्हणजे कुणाचं तरी जुनं उचलायचं, नाव बदलायचं आणि त्यातला सगळा केरकचरा स्वतःच्या गळ्यात बांधून घ्यायचा. त्याला कंटाळून मावशीने एक टेम्प्लेट बनवलं, म्हणजे साचाच म्हणा ना. एक आज्ञा दिली की नव्या खुर्चीचं सगळं घरदार मांडून तयार. फायली कुठे राहणार, बोर्ड कोणता, आणि शेवटी सॉफ्टवेअरचं पॅकेज कसं बांधायचं, सगळं त्यात ठरलेलं. पॅकेज बांधायचं ते खुर्चीत भरण्यासाठी. पण काम चालू असताना सॉफ्टवेअर टेबलावरही चालवून बघावं लागतं. टेबलावर नुसता बोर्ड आणि मोटर, दांडी नसतेच. म्हणून सॉफ्टवेअरचे दोन प्रकार, एक टेबलाचा, एक खुर्चीचा, आणि टेबलाच्या प्रकारात त्याला सांगून ठेवलेलं असतं की दांडी सापडली नाही तरी तू थांबू नकोस. खुर्चीच्या प्रकारात ही सूट नाही.

माणूस विसरतो. टेबलाचा प्रकार बदलायचा राहतो आणि तसाच पुढे जातो. म्हणून मावशीने साच्यात एक ओळ घातली होती. टेबलाचा प्रकार असेल तर पॅकेज बांधायचंच नाही, सरळ नकार द्यायचा. त्या ओळीने कितीतरी जणांच्या जेवणाच्या वेळा खाल्ल्या. पोरं तिला मावशीचा नन्नाचा पाढा म्हणायची, आणि मावशीला त्याचा अभिमान होता.

कारखान्यात आल्या आल्या तिने नव्या मॉडेलचं पॅकेज उघडलं. टेबलाचा प्रकार. प्रोजेक्टमध्ये ओळ शोधली, नव्हती. मग साचाच उघडला. तिथेही नव्हती. आणि ओळ गेल्यापासून त्या साच्यातून जी जी खुर्ची निघाली, ती सगळी बिनओळीचीच निघाली होती.

खिडकीखाली अंगणात ट्रक लागलेला होता. हमाल त्याच खुर्च्या आत चढवत होते.

केबिनचं दार तिने ठोठावलं नाही.

भाच्याने कानावर हात ठेवले नाहीत, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. हो, मीच काढली, म्हणाला. गिऱ्हाईक बघायला आलं होतं, टेबलावरच्याच मोटरवर तयार पॅकेज चालवून दाखवायचं होतं, ते काही केल्या बांधलं जाईना, मालक पाठीशी उभे. तेवढ्यापुरती काढली आणि परत घालायची राहून गेली.

"प्रोजेक्टमधून काढायचीस, साच्यातून कशाला?"

"घाईत साचाच समोर उघडा होता, त्यातून काढली आणि प्रोजेक्ट नव्याने मांडलं. मावशी, एवढं काय त्यात? थांब." त्याने कीबोर्ड पुढे ओढला, टकटक केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "घे. घातली टेम्प्लेटमध्ये. मिटलं."

मावशी हसली, पण ते हसणं ऐकून बाहेरच्या टेबलांवरची बोटं थांबली.

"विटांचा साचा दुरुस्त केलास," ती म्हणाली, "आणि भिंतीतल्या विटा आपोआप सरळ होणार होय रे? प्रोजेक्ट एकदा साच्यातून निघालं की ते वेगळं. त्यांना तू घातलेल्या ओळीचा पत्ता तरी लागणार आहे का? खाली ट्रक भरतोय, तो थांबव."

तो काकुळतीला आला. पलीकडच्या शुश्रूषाकेंद्राने तारीख धरून ठेवली आहे, मालक मला कच्चा खातील, खुर्च्या जाऊ देत, मागाहून माणूस पाठवून सॉफ्टवेअर बदलून घेऊ. बोलता बोलता त्याला धीर आला आणि जीभ घसरली.

"आणि वायर काय रोज निघते का कुणाची?"

"तुझ्या आईची निघाली."

"आईचं सोड गं, तिचा हात..."

पुढचं त्याने गिळलं. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. हाच लहानपणी हातातून कप पडला की कप निसरडा होता म्हणायचा, आणि आपण सगळ्या हसायचो, हे तिला आठवलं आणि त्या हसण्याचाही तिला संताप आला. ती जिना उतरली. तो मागोमाग आला, कारण ती खाली जाऊन काय करेल याचा नेम नव्हता.

ट्रकच्या तोंडाशी माल चढवायचा सिमेंटचा ओटा होता, चांगला छातीइतका उंच. मावशीने हमालाला एक खुर्ची खोक्यातून काढून ओट्यावर ठेवायला सांगितली.

"दमलात का मावशी?" हमाल म्हणाला. "बसा की. फुकटात फेरफटका."

"मी नाही बसत. साहेब बसणार आहेत."

तिने खुर्चीचं तोंड ट्रक नव्हता त्या बाजूला, ओट्याच्या उघड्या कडेकडे केलं. बॅटरीची पिन लावली. दांडीशेजारचा हिरवा दिवा लागला. मग ती खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि दांडीची वायर जिथे खोबणीत जाते तिथे बोटं ठेवली.

"बस," ती भाच्याला म्हणाली. "दांडी पुढे ढकल. खुर्ची निघाली की मी वायर काढते. वायर काय रोज निघत नाही, पण आज निघेल."

भाच्याने कडेकडे पाहिलं. खाली फरशी होती आणि फुटक्या लाकडी चौकटींचा ढीग. हमालाच्या तोंडावरचं हसू विरून गेलं, काहीतरी वेगळं चाललंय हे त्यालाही कळलं.

"मावशी, लोक बघताहेत."

"बघू दे. बस."

तो बसला नाही. हात खिशात घालून उभा राहिला आणि मान खाली गेली.

"तुला बसवत नाही ना?" मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तिला बसवलंस. वर तिचाच हात थरथरतो म्हणून खापर तिच्या डोक्यावर फोडून आलास."

तो ओट्यावरून उतरला, ट्रकच्या पुढच्या बाजूला गेला आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. माल उतरवा म्हणाला. हमालांनी एकमेकांकडे पाहून कपाळावर हात मारला, चढवलेलं उतरवायचं म्हणजे दुप्पट मरण, पण कामाला लागले.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "झालं ना मनासारखं?"

"नाही झालं. आईला फोन लाव."

"संध्याकाळी घरी गेलो की..."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावला. धाकटीचा आवाज फोनमधून मावशीलाही ऐकू येत होता. भाच्याने सुरुवात केली ती आडवळणानेच: खुर्चीत बसू नकोस, ती परत न्यावी लागणार आहे, त्यात जरा बिघाड आहे.

"माझ्याकडून मोडली का रे?" धाकटीने विचारलं.

भाच्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने नजर हलवली नाही.

"नाही आई. सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली."

"कुणाची ते सांग," मावशी म्हणाली.

अंगणात खोकी उतरल्याचे धप्प धप्प आवाज होत होते. भाच्याने फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"माझी. तू दांडी सोडली होतीस ते बरोबरच होतं. माझ्यामुळे थांबली नाही ती."

पलीकडून धाकटीने घाबऱ्या आवाजात विचारलं, "मग रे, तुझी नोकरी तर नाही ना जाणार? तुला कुणी बोललं का?"

मावशीने तोंड फिरवलं. एवढा वेळ तिने धरून ठेवलेला राग आता कुणावर काढावा हेच तिला कळेना. भाच्यावर काढून झाला होता, आणि बहिणीवर काढावा तर तिचा काळानिळा पाय आडवा येत होता. तिने खुर्चीची बॅटरी काढली. हिरवा दिवा विझला.

"फोन ठेव आणि वर चल," ती जिन्याकडे जाता जाता म्हणाली. "साच्यातून निघालेलं एकेक प्रोजेक्ट उघडायचं. ओळ तू टाईप करायचीस, प्रत्येकात, आपल्या हाताने. आणि कॉपी करून चिकटवायची नाही, अक्षर न् अक्षर लिहायची."