खांबाच्या पलीकडे

माझ्या बाबांना खुर्च्यांनी पोसलं आणि धनुष्यांनी छळलं. दिवसभर दुकानात खुर्च्या आणि दारांच्या चौकटी, मग जेवण उरकलं की मागच्या खोलीत लाकडाच्या पट्टीवर काचेचा तुकडा घासत बसायचे. आमची धनुष्यं नेम धरायची नव्हेत. बाण जास्तीत जास्त लांब जावा, एवढंच त्यांचं काम. आई म्हणायची, "नेम तरी असता, म्हणजे काहीतरी हाताला लागलं असतं."

दरवर्षी लांब बाण सोडायची स्पर्धा व्हायची, त्या मैदानात एक खांब होता. बाबांच्या वस्तादांचा सर्वांत लांब गेलेला बाण जिथे पडला, तिथे तो रोवलेला. नुसत्या लाकडाच्या धनुष्याने खांब पुन्हा कुणी ओलांडला नव्हता. बाकीचे केव्हाच फायबरकडे वळले होते, पण बाबा हट्टाला पेटलेले. लाकूडच वापरणार आणि खांबाच्या पुढे जाणार. बाण मी सोडायचे, कारण घरात खांदा माझाच दणकट.

एका वर्षी मी तोंड उघडलं. "बाबा, तुम्ही घाबरत घाबरत तासता. तुटेल म्हणून दरवेळी जाडी ठेवता, आणि तीच जाडी बाणाला मागे ओढते."

"फार शहाणी झालीस," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने आणखी तासू लागले. कागदावर आकृती नाही की माप नाही. माप विचारलं की अंगठा दाखवायचे. लाकूड अंगठ्याखाली कसं लागतं, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी ते धनुष्य इतकं हलकं झालं, की हातात घ्यायची भीती वाटावी. बाणही तसाच, मध्ये जाड, टोकांकडे निमुळता, मागे नखाएवढी पिसं आणि आमच्या ओळखीचा पिवळा पट्टा.

स्पर्धेच्या दिवशी मी दोरी ओढली आणि सोडली. बाण उजेडात गेला तो दिसलाच नाही. इतका चांगला सुटलेला बाण मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता.

पण दोरी उतरवली तर धनुष्य सरळ होईना, वाकलेलंच राहिलं. बाबांचा चेहरा उतरला. "लाकूड मेलं," ते म्हणाले. "दमच नव्हता त्याच्यात."

लांब जाणारा बाण तिरका येतो आणि गवताखाली सरपटत शिरतो. संध्याकाळच्या आत सापडला तरच त्याचं अंतर धरतात. कुठे शोधायचं, ते धनुष्य करणाराच सांगतो. आमच्यात ही रीतच आहे. बाबांनी खांबाच्या बऱ्याच अलीकडे हात दाखवला. सगळे ओळीने वाकून गवत चाचपू लागले.

"बाबा, पलीकडे बघू या."

"पलीकडे काय तुझं सासर आहे? वाकलेल्या लाकडाने म्हणे खांब ओलांडला! लोक तोंडावर हसतील."

एरवी मी कुणाच्या बापाचं न ऐकणारी, माझ्या तर नाहीच नाही. पण त्यांचा पडलेला चेहरा बघून गप्प बसले. अंधार पडला. बाण सापडला नाही.

घरी येऊन त्यांनी धनुष्याचे करवतीने दोन तुकडे केले आणि शेगडीत घातले. फसलेलं धनुष्य जवळ ठेवलं, की हात पुन्हा तेच करतो, असं त्यांचं म्हणणं. मग काचेचे तुकडेही फेकून दिले. "वस्तादांची गोष्ट वेगळी," एवढंच म्हणाले. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला, खुर्च्याही बंद झाल्या.

गवत कापणीला आलं, तेव्हा मैदानातून गवत कापणाऱ्याचा निरोप आला. मी बाबांना घेऊन गेले. गवतवाला खांबापाशी थांबला नाही, पुढेच चालत राहिला. बाबा मध्येच विचारत होते, "अजून?" तो "अजून" म्हणायचा. शेवटी त्याने बोट दाखवलं. पिवळा पट्टा मातीने मळला होता, पण आमचाच.

मोजणीवाले काका मागोमाग आले. ओशाळून म्हणाले, "त्या दिवशी सापडला नाही, त्यामुळे धरता येणार नाही. पण मोजून देतो."

"नका मोजू," बाबा म्हणाले.

ते वळून खांबाकडे बघत राहिले. खांबाला त्यांनी या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो थरथरत होता. त्या धनुष्याचं माप आता जगात कुठेच उरलं नव्हतं.

"तुला कळलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"वाटलं होतं."

"मग पुढे का गेली नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीस," बाबा म्हणाले, "आणि ऐकलास तो नेमका त्या दिवशी!"

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तिथेच कापलेल्या गवतावर बसलो.