एकटीला दोन कशाला?

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. पण दोन नंबरचा! एक नंबरचा माझा भाऊ, त्याचा तोरा काही विचारू नका. त्याला कुणीही उचलतं. मला हातात घ्यायला मात्र दुसरं माणूस लागतं.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दोन मैत्रिणी गेम बनवायच्या. मी त्यांना चष्मिस आणि पेन्सिल म्हणायचो. चष्मिस कोड लिहायची, पेन्सिल चित्रं काढायची. पेन्सिल सदानकदा खारे दाणे खायची आणि त्याच हातांनी मला धरायची.

"अगं, हात पूस आधी!" चष्मिस ओरडायची.

"तू आधी तुझा कोड पूस. अर्धा चुकलाय."

काय सुखाचे दिवस होते ते! त्यांच्या गेममध्ये दोन बहिणी होत्या. प्रत्येक दारापुढे दोन दगड. दोघी एकदम दगडांवर उभ्या राहिल्या तरच दार उघडायचं. "एकटीनं उघडेल ते दार कसलं?" पेन्सिल म्हणायची. चष्मिसला मात्र गेम तपासायची घाई असायची, म्हणून तिनं एक चोरवाट ठेवली होती. एक बटण दाबलं की कुठलंही दार एकटीला उघडायचं.

गेम गाजला. वर्तमानपत्रात मुलाखत आली, फोटोही आला. एकट्या चष्मिसचा.

"माझं नाव घेतलं असतंस तर जीभ झिजली असती का?" पेन्सिलनं विचारलं.

"राहून गेलं गं! लगेच राईचा पर्वत नको करूस."

पेन्सिल गेली. मी खिळ्याला लटकत राहिलो. मला तोंड असतं तर दोघींनाही चांगलं फैलावर घेतलं असतं.

पण पेन्सिलच्यानं राग धरवला नाही. चष्मिस बाहेर गेलेली असताना एका दुपारी ती आली आणि तिनं गेममध्ये एक नवी खोली बनवली. हीच खोली, हेच टेबल, दाण्यांची वाटीसुद्धा. भिंतीवर लिहिलं, 'चल, पुढचा गेम करू.' खोलीला दोन दगडांचं दार लावलं आणि त्या दाराची चोरवाट काढून टाकली. मग भावाला एका मांडीवर, मला दुसऱ्या मांडीवर ठेवून तिनं दार उघडून पाहिलं. मला परत खिळ्याला अडकवून जाताना ती स्वतःशीच हसत होती. "आता तरी मला बोलवावंच लागेल तिला," ती म्हणाली.

चष्मिसला ते दार दिसलं. भावाला घेऊन ती एकटीच दगडावर उभी राहिली. सवयीनं चोरवाटेचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दार हललं नाही.

"असं होय! माझ्याच गेममध्ये मलाच कुलूप?" तिनं भावाला खाली ठेवलं. "बरं. नको तर नको."

मित्रांनो, मी हातभर अंतरावर होतो! तिनं मला खाली काढलं असतं तरी पुरलं असतं. पण मी काय करणार? वायर आपणहून सरकत नाही की बटण आपणहून दबत नाही. ती रडली, आणि मी नुसता पाहत राहिलो. तिनं कधी फोन केला नाही. तिकडे पेन्सिल वाट बघून बघून थकली असेल.

आज खोली रिकामी होते आहे. मशीनमधलं सगळं पुसून झालं. गेममधली ती खोलीही पुसली गेली. भंगारवाल्यानं मला उचललं.

"ताई, हा चालू आहे की. ठेवायचा नाही?"

"न्या हो. एकटीला दोन कशाला?"

मित्रांनो, एखादं दार उघडलं नाही तर लगेच पाठ फिरवू नका. आधी दुसऱ्याला एक हाक मारून बघा. माझ्या बटणांच्या फटीत अजून थोडं मीठ आहे.