सैल कवळी

आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे कुणाचा ना कुणाचा जबडा असतो. मेणाचा. बाहेर ठेवला तर उन्हाने हसू वितळतं. आई कवळ्या बनवते, आणि बाबा दुसरीकडे नांदायला गेल्यापासून घरातच बनवते.

तेव्हापासून आमच्याकडे मतदान असतं. आम्ही दोघीच, त्यामुळे एकमत किंवा बरोबरी. बरोबरी झाली की विषय बारगळतो. म्हणून आमच्याकडे सोफा नाही.

या वेळचा विषय सोफ्यापेक्षा जड होता. आईला एक माणूस घरी राहायला आणायचा होता. त्याच्या येण्याने तिचं कामाचं टेबल माझ्या खोलीत येणार होतं, आणि तो माझ्या आयुष्यात.

हा माणूस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वरचे दात गेले म्हणून कवळीसाठी आला आणि येतच राहिला. कधी टोचते, कधी सैल होते. आल्याआल्या ट्रम्पेटमधलं पाणी आमच्या बेसिनमध्ये सोडतो.

"थुंकी नाही गं बाळ, वाफेचं पाणी असतं."

बाळ! सोळा वर्षांची आहे मी.

काल त्याने कवळी काढून माझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावर ठेवली. तिच्यापासून त्याच्या ओठापर्यंत एक लाळेची तार लोंबत होती. ती तुटेपर्यंत तो माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होता. नुसत्या हिरड्यांनी.

तो हात धुवायला गेला तशी मी चिमट्याने कवळी उचलली. आतल्या बाजूला कानशीचे ताजे ओरखडे होते. मी ती घेऊन थेट आईच्या टेबलाशी गेले. सुटले एकदाची, असं वाटत होतं.

"हा मुद्दाम घासून आणतो. बघ."

"माहितेय," आई म्हणाली.

"माहितेय?"

"पहिल्यांदा मीच सैल केली होती."

तिचे कान लाल झाले होते. मी चिमटा आणखी लांब धरला. दोन मोठी माणसं, चांगली कमावती, एकमेकांना भेटण्यासाठी हिरड्या सोलून घेत होती. फोन नावाची वस्तू निघाली आहे, हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग? तुझं मत काय?" आईने विचारलं.

"शी! मला का विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? घरात दुसरं आहे कोण?"

हे सगळ्यात किळसवाणं होतं, कारण खरं होतं. बाबा गेल्यापासून गॅस सिलेंडर, तिचे केस, तिचं रडणं, सगळ्यावर माझी मंजुरी लागायची. आणि आता हा तोंडातला रोमान्सही माझ्याच सहीसाठी समोर आला होता.

नाही म्हटलं असतं तर बरोबरी. विषय बारगळला असता आणि पुढची कित्येक वर्षं ती, न आलेल्या सोफ्याच्या जागेकडे बघते तशी, माझ्याकडे बघत बसली असती.

"मी मतच देत नाही."

"म्हणजे एक विरुद्ध शून्य?"

"म्हणजे तू आई आहेस. तुझं तू ठरव."

ती घाबरली. पहिल्यांदाच एकटीला दुकानात पाठवल्यासारखी. तिने एप्रन काढला, परत घातला आणि माझ्या हातातली कवळी चिमट्यासकट घेऊन बाहेर गेली.

"आधी ही नीट बसवते, मग सामान घेऊन या," ती त्याला म्हणाली. "परत घासाल तर दुसरा कारागीर बघा. आ करा."

पुढचं ऐकायची मला गरज नव्हती. मी दार लावून घेतलं.