सालीखालचा अंगठा

देवयानीने चौथे सफरचंद यंत्राच्या दिव्याखाली ठेवले. पडद्यावर हिरवी खूण उमटली: फळ निर्दोष. मानपाड्याच्या त्या शीतगृहाचे मालक हरिहर यांनी तेच फळ चिरले. सालीलगत तपकिरी चट्टा होता.

“मॅडम, पेपरात तर शंभरात सत्त्याण्णव लिहिलंय तुम्ही.”

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात सालीखालची इजा हेरणारे हे यंत्र तिने दोन वर्षे खपून घडवले होते. कोणते फळ खराब, हे त्याला शिकवण्यासाठी सहाशे सफरचंदे निवडून दिली होती सगुणाबाईंनी. त्या कोपर गावाहून इथे वीस वर्षे निवडीच्या कामाला येत होत्या. शोधनिबंधात त्यांच्या जागी ‘तीन प्रशिक्षित तज्ज्ञ’ होते. एका कामगार बाईचे मत विज्ञानात बसत नाही. तीन निनावी माणसांचे सहज बसते.

“पहिली तीन बरोबर ओळखली की,” देवयानी म्हणाली.

“ती मी काल हाताळलेली, बाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “ही पेटी शेठनी आत्ता फोडली. हिला माझा हात लागलेला नाही.”

“हाताचा काय संबंध?”

“संशय आला की मी देठाजवळ अंगठ्याने दाबते. मऊ लागलं की बाजूला. ती सहाशे निवडताना तुम्हाला विचारलेलं मी, दाबू का म्हणून. तुम्ही फोनवर होता. मान हलवलीत.”

देवयानीने त्या सहाशे फळांची जुनी छायाचित्रे पडद्यावर उघडली. बाद ठरलेल्या प्रत्येक फळावर देठाजवळ तोच काळसर लंबगोल, त्याच मापाचा. दोन वर्षे यंत्र नासके फळ ओळखायला शिकलेच नव्हते. ते एका बाईचा अंगठा ओळखत होते.



“मग चूक झाली कुठे?” हरिहर यांनी विचारले.

“बाईंनी फळं दाबली होती.”

वाक्यात खोटा असा एकही शब्द नव्हता.

“काय गं सगुणा, वीस वर्षांत एवढं कळलं नाही? तपासणीचं फळ दाबतात होय? उद्यापासून निवडीला बसू नकोस. पेट्या चिकटवायला जा.”

 सगुणाबाई देवयानीकडे पाहत राहिल्या. त्या दिवशी पाहिले होते तशाच, मान हलण्याची वाट बघत.

देवयानी रुमालाने पडदा पुसत होती. लंबगोल जात नव्हता.