मुक्कामी गाडी आणि नागम्माचा काढा

मी सिद्धेश्वर, एसटीचा कंडक्टर. माझा ड्रायव्हर ज्ञानबा. संध्याकाळी सोलापूरहून निघायचं, अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या हिरेहळ्ळीला दिवेलागणीला पोचायचं, गाडीतच झोपायचं आणि सकाळी सहाला कॉलेजच्या पोरींना घेऊन परत. सहा वर्षं हेच चाललंय. बायकोपेक्षा जास्त मी ह्या माणसाचं घोरणं ऐकलंय.

आणि ह्या बेण्याला साखर निघाली!

डेपोच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पॉइंट दोन. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, तीन महिन्यांत साडेसाताच्या आत आली नाही तर स्टिअरिंग विसरा, गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहा. सव्वीस वर्षांत ज्ञानबाच्या गाडीला ओरखडा नाही. त्या संध्याकाळी हिरेहळ्ळीपर्यंत तो दर वळणाला स्टिअरिंगवरून हात फिरवत होता. मला ते सहन झालं नाही, म्हणून उतरल्या उतरल्या मी पारावर सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही.

गाव हादरलं. त्या रस्त्यावर मुक्कामाला यायला दुसरा ड्रायव्हर कबूल होत नाही. ज्ञानबा गेला की सहाची गाडी बंद, आणि गाडी बंद झाली की पोरींचं कॉलेज बंद. नागम्मा, पाराशेजारच्या घरातली साठीची बाई, पदर खोचून पुढं आली. "ज्ञानबाण्णाला कोण उतरवतंय बघतेच मी!" जणू मोठे डॉक्टर माझ्या मागच्या सीटवर बसून आले होते.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात ऋतुजा मॅडम आहेत, बार्शीच्या, आयुर्वेद शिकलेल्या. वय तिशीचं, पण बोलायला लागल्या की सरपंचसुद्धा खाली बसतो. त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांचं बोलणं झालं, आणि मग त्या ज्ञानबाकडे वळल्या.

"मामा, गोळी एक दिवस चुकवायची नाही. पण सगळं गोळीवर ढकलून तुम्ही स्टँडवर भजी खात बसलात तर मी मदत करणार नाही. दिवस मावळता जेवण. आधी पालेभाजी, मग ज्वारीची भाकरी. सकाळी तासभर चालायचं, मग प्राणायाम. आणि झोप पुरी पाहिजे."

"येवढंच?" ज्ञानबा म्हणाला. "मला वाटलं इंजेक्शनं टोचतील."

"येवढंच रोज करून दाखवा, मग बोला."

झालं! गावाला सणच मिळाला. आम्ही पोचायचो तोवर कुणाच्या ना कुणाच्या घरी चाकवत, चुका, मेथी शिजलेली. पहाटे साडेचारला नागम्माचे सासरे शिवलिंगप्पा काठीनं गाडीचा पत्रा वाजवायचे. वय अठ्ठ्याऐंशी! गोळी कसली म्हणून ठाऊक नाही, दात अर्धे शाबूत, आणि चालताना ज्ञानबा त्यांच्या मागं पळायचा. "एऽ डायव्हर, गिअर बदल की!" असं म्हातारा माळावरून ओरडायचा. मी गाडीत पांघरूण ओढून हसत पडायचो. मी पहिल्यापासून काटकुळा, मला कशाला चालायला पाहिजे?

नागम्मानं वेगळी कामगिरी घेतली होती. ती रोज संध्याकाळी तांब्याभर काढा करायची. मेथीदाणे, दालचिनी, आलं, गुळवेल. ज्ञानबा बिचारा निष्ठेनं प्यायचा. मीही प्यायचो. फक्कड लागायचा.

सहा आठवड्यांनी मॅडमनी ज्ञानबाचं बोट टोचलं. आम्ही सगळे मशीनवर वाकलो. पहिल्या दिवशी टोचून बघितली होती तेवढीच, साखर तसूभर हलली नव्हती!

ज्ञानबा उठला, गाडीत जाऊन बसला, स्टिअरिंगला कपाळ टेकवलं. "जाऊ दे सिद्धू. गेटवर तर गेटवर. न्हाय जमत मला." वजन चार किलो उतरलेला माणूस असं म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

मॅडम मात्र गाडीच्या पायरीवर येऊन बसल्या. "मामा, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं, एकेक सांगा."

भाकरी झाली, भाजी झाली, ताक झालं. "आन् नागम्माक्काचा काढा."

"काढा? मला कुणी सांगितलं नाही. त्यात काय असतं?"

नागम्मा मोठ्या अभिमानानं भांडं घेऊनच आली. सगळी नावं सांगितली आणि शेवटी मूठ वळून दाखवली. "आणि येवढा बेल्ल."

"बेल्ल म्हणजे गूळ?" मॅडमचा आवाज चिरकला.

"मग! साखर एक चिमूट न्हाय. गूळ औषधी असतो की. कडू काढा अण्णा पिणार कसा?"

"अक्का, अंगात गेला की गूळ काय आणि साखर काय, सारखंच! आणि कुठलाही काढा मला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. गोळी चालू आहे त्यांची."

नागम्माच्या हातातलं भांडं खाली आलं. "अय्यो शिवा! मीच घालत होते की विष!" ती रडत घरात गेली आणि दार लावून घेतलं. ती रडली, पण खरा चोर मी होतो. तो गूळ पडताना मी रोज बघत होतो. एकदा शंकाही आली होती. पण विचारलं तर काढा बंद होईल म्हणून गप्प बसलो. हे मी त्याच दिवशी ज्ञानबाला सांगितलं. त्यानं मला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही, पण त्यानंतर तो पहाटे मलाही ओढून न्यायला लागला.

उरलेले सहा आठवडे गाव चौकीदार झालं. गोळी, भाकरी, माळ, प्राणायाम. एक दिवस सुटला नाही. नागम्मा मात्र गाडीकडं फिरकली नाही.

रिपोर्ट सोलापुरात मिळाला. ज्ञानबाला चष्मा सापडेना, म्हणून मी कागद हिसकावला. सात पॉइंट एक! मी स्टँडवर असा ओरडलो की लोकांना वाटलं पाकीट मारलं. मोठ्या डॉक्टरांनी सही केली. गाडी ज्ञानबाचीच!

त्या संध्याकाळी हिरेहळ्ळीच्या वळणापासून ज्ञानबानं हॉर्नवरचा हात काढला नाही. पारावर अख्खं गाव उभं, पोरी नाचतायत, मॅडम उपकेंद्रातून पळत येतायत. त्यानं गाडी थेट नागम्माच्या दारासमोर लावली.

"अक्का, दार उघड. काढा दे मला."

दार किलकिलं झालं. "मॅडमला विचारून देते," नागम्मा आतूनच म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. "गोळीबरोबर गुळवेल नको. मेथी चालेल. आणि गूळ…"

"न्हाय घालत, न्हाय घालत!"

ज्ञानबा तो कडू काढा एका दमात प्यायला. तोंड असं वेडंवाकडं झालं की शिवलिंगप्पा काठी टाकून हसले. नागम्मा हसता हसता रडली आणि मग तिनं अचानक हात पुढं केला. "मॅडम, माझं बोट टोचा. तीस वर्षं घरात सगळ्यांना ह्याच हातानं गूळ पाजलाय."

तिच्या मागं तिची सून उभी राहिली, मग सरपंच, मग अख्खी आळी. मी बोटं लपवत हळूच गाडीकडं सरकत होतो. तेवढ्यात ज्ञानबानं मागून माझी कॉलर धरली आणि सहा वर्षं रोज मी ज्या आवाजात ओरडतो, अगदी त्याच आवाजात तो ओरडला,

"ओ मास्तर! दारात कशाला उभे? चला, पुढं सरका!"