कागदावरचा सतरा नंबर

मी सतरा नंबरचा लोखंडी अँगल बोलतोय. माणसाच्या उंचीहून थोडा लांब, दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं, अंगावर जस्ताचा मुलामा आणि एका टोकाला ठोकलेला हा आकडा, एवढीच माझी ओळख. मोबाइलच्या टॉवरकडे सगळे मान वर करून बघतात. त्याच्या पायाशी तिरप्या बसलेल्या आमच्याकडे कोण बघतो?

कारखान्यात मला कापलं, भोकं पाडली, उकळत्या जस्तात बुडवलं. मग टेकडीवरच्या टॉवरच्या सगळ्यात खालच्या टप्प्यात, दोन पायांच्या मधे मला कसलं. एका बाजूने वारा आला की ओढ सोसायची, उलटा आला की दाब. टॉवरचा पाय जिथे वाकू पाहील तिथे त्याला धरून ठेवायचं. नऊ वर्षं मी ते इमानाने केलं.

मला कसणारा होता चढ्या. टॉवरवर चढणं हाच धंदा, म्हणून ते नाव. वर जाताना तो शर्ट काढून खाली ठेवायचा, फोन शर्टाच्या खिशात. उतरला की पहिला फोन आईला. "उतरलो गं." तिकडून दरवेळी एकच उत्तर, "मग मी जेवते आता."

"आईचा एवढा जीव टांगणीला लावतोस," टॉवरचा रखवालदार म्हणायचा, "जमिनीवरची नोकरी बघ की."

"जमिनीवर तुझ्यासारखी माणसं असतात."

मग मोठा जनरेटर आला. तो टॉवरच्या पोटात बसवायचा होता आणि वाटेत मी. टॉवर कंपनीचे साहेब म्हणाले, "हा एक काढ. जनरेटर आत गेला की परत लाव." चढ्याने माझे बोल्ट सोडले. जनरेटर आत गेला, पण त्याच्या धुराचा पाइप नेमका माझ्या जागेतून निघाला. "उद्या पाइप हलवू," साहेब म्हणाले. तो उद्या दोन वर्षं उजाडला नाही. मला रखवालदाराच्या खोलीबाहेर दोन खुंट्यांवर आडवं टाकलं. माझ्यावर कपडे वाळू लागले.

मग नव्या अँटेना लावायचं ठरलं. वजन वाढणार, वारा जास्त अडणार. टॉवर ते पेलेल का, याचं गणित शहरातल्या एका तरुण इंजिनिअरकडे गेलं. तिचा फोन आला तेव्हा चढ्या माझ्याजवळच बसला होता, आवाज मोठा करून.

"दादा, मी स्वतः येणार होते. पण आमचे साहेब म्हणतात, ड्रॉइंग आहे ना, मग गाडी कशाला? तुम्हीच सांगा. तळातले सोळा ते एकोणीस नंबरचे अँगल आहेत ना सगळे?"

चढ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर ओला टॉवेल होता.

"आहेत, मॅडम."

"नक्की?"

"समोरच दिसतायत."

तसं खोटं नव्हतं. जागेपासून मी दहा पावलांवर होतो.

"सांगायचं होतंस तिला," रखवालदार पुटपुटला.

"कोणी काढला विचारलं तर? साहेबांचं नाव घ्यायचं आणि घरी बसायचं? पाइप हलला की लावतोच मी. एवढ्या लोखंडात एकाने काय होतंय?"

तिच्या संगणकात मी जागेवर होतो. माझ्या वाट्याचा वारा तिथे निमूट पेलत होतो. निकाल आला: टॉवरच्या पायाची शंभरातली त्र्याण्णव ताकद लागेल. चालेल.

अँटेना लावायला चढ्याच गेला. जाताना शर्ट माझ्यावर टाकला. दुपारी शेवटचा बोल्ट राहिला असताना आभाळ नसतानाच वारा उठला. ओढीची वेळ होती, माझी. मी खुंट्यांवर पडून पाहत होतो. माझ्या रिकाम्या जागेशी पाय आधी जरा फुगला, मग गुडघ्यात मोडल्यासारखा बसला. टॉवर चढ्यासकट आडवा झाला.

रखवालदार हाका मारत धावला. वरून उत्तर द्यायला वर काही उरलं नव्हतं.

शर्टातला फोन वाजला नाही. वाजणार कसा? त्या भागाला तो एकच टॉवर. ती म्हातारी तिकडे जेवायची थांबली असेल, आणि फोन लागत नाही म्हणून फोनलाच दोष देत असेल.

तिसऱ्या दिवशी ती इंजिनिअर आली. हातात ड्रॉइंग, टेप. वाकून एकेक अँगल मोजत गेली. दोन रिकाम्या, गंजलेल्या भोकांपाशी थांबली. मग तिची नजर फिरत माझ्यापर्यंत आली. तिने शर्ट अलगद उचलला, अंगठ्याने माझा आकडा पुसला.

"मॅडम, तो म्हणाला होता, लावतो..." रखवालदार शर्ट तिच्या हातून घेत म्हणाला.

"मी फोनवर विचारलं," ती म्हणाली. "फोनवर."

आता मी एका कुलूपबंद खोलीत पुरावा म्हणून पडून आहे. टॉवर कंपनीच्या साहेबांचा जबाब झाला. ड्रॉइंगप्रमाणे सगळं होतं, असं ते म्हणाले. ड्रॉइंगमध्ये मी आजही उभा आहे, ताठ, कोरा, दोन्ही टोकांना कसलेला.

उद्या तुमच्यापैकी कोणी असं गणित मांडेल. चिडा, भांडा, गाडी मिळाली नाही तर चालत या, पण या. खाली वाका, हात लावून बघा. आणि मी जागेवर नसेन, तर मला मोजू नका.